सुई सोडली, आता महिने कुठून मोजायचे?

बाजारादिवशी दुपारी गर्दी ओसरली की आमच्या दुकानात हमखास एखादी बाई एकटीच येते. आधी डोकेदुखीची गोळी मागते. ती घेऊन झाली तरी हलत नाही. आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना ते बघते आणि मग आवाज खाली आणून म्हणते, "काकी, ती लघवीची पट्टी द्या की एक." पट्टी कागदात गुंडाळता गुंडाळता मी विचारते, महिना किती दिवस चुकलाय?

"महिना येतोय कुठला! सुई सोडल्यापासून आलाच नाही."

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका गावात गेली सोळा वर्षं मी औषधाचं दुकान चालवते. फार्मसी शिकलेय, डॉक्टर नव्हे. पण दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची तीन महिन्यांची सुई सोडून बाळासाठी थांबलेल्या बायकांशी हेच बोलणं इतक्या वेळा झालंय, की आता एकदाचं लिहून काढते. एकदा मी स्वतःही काउंटरच्या त्या बाजूला उभी होते, ते पुढं येईलच. बहुतेकींचं घोडं मोजण्यापाशी अडतं. महिने चुकीच्या तारखेपासून मोजले जातात आणि घाबरायची वेळ यायच्या कितीतरी आधी घाबरणं सुरू होतं.

आधी सुई कुठली ते ठरवा

सरकारी दवाखान्यात २०१७ पासून 'अंतरा' नावानं फुकट मिळते ती, किंवा खाजगीत डेपो-प्रोव्हेरा नावानं मिळते ती. दोन्हींत औषध एकच, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी दंडात किंवा कमरेत. हल्ली कातडीखाली द्यायची १०४ मिलिग्रॅमचीही असते, हिशोब तोच. दोन महिन्यांनी घ्यायची सुई मात्र वेगळ्या औषधाची असते आणि तिचा असर लवकर उतरतो, त्यामुळं खालचे आकडे तिला लावू नका.

ही सुई म्हणजे तोंडात धरलेला खडीसाखरेचा खडा. औषधाचे बारीक कण स्नायूत बसतात आणि हळूहळू विरघळत रक्तात उतरतात. ते रक्तात आहेत तोवर अंडं सोडायचा निरोप मेंदूकडून निघत नाही, गर्भाशयाच्या तोंडाचा चिकट स्राव घट्ट राहतो आणि आतलं अस्तर पातळ राहतं. तीन महिने झाले म्हणून खडा त्या दिवशी संपला असं होत नाही. त्याचं शेपूट राहतं, कुणाला दोन महिने, कुणाला आठ. अंगाने भरलेल्या बाईला थोडं जास्त, किडकिडीत असेल तिला थोडं कमी, असं दिसून आलंय. किती सुया घेतल्या याचा मात्र संबंध नाही. दोन घेतलेली आणि बारा घेतलेली, दोघी सारख्याच थांबतात.

खडा बाहेर काढायचा उपाय कुणाकडंच नाही. पिशवी धुऊन देणारे, उष्णता काढणारा काढा देणारे, पोट साफ करणारी पुडी देणारे यांना पैसे देऊन तो लवकर विरघळत नाही. आणि सुईनं वांझपण येतं हे खोटं आहे. उशीर होतो, तो खरा.

पहिलं काम: कार्ड शोधा

अंतराचं एक कार्ड असतं. त्यावर प्रत्येक सुईची तारीख आणि पुढच्या सुईची तारीख लिहिलेली असते. ते ट्रंकेत, रेशन कार्डाच्या पिशवीत, बाळाच्या लसीच्या पुस्तकात, कुठंतरी असतं. शोधा आणि शेवटच्या सुईची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा.

आता माझी गोष्ट. दुसऱ्यांची औषधं मोजून देणारी मी, माझं कार्ड घर बदलताना गेलं. थोरली तेव्हा बालवाडीत होती. दुसऱ्यासाठी सुई सोडली, सहा महिने झाले तरी काही नाही, म्हणून एका खाजगी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची सुई कधी? मी म्हटलं, गणपतीत. गणपतीतली सुई आठवण्याचं कारण म्हणजे त्या दिवशी मोदकांची उकड तशीच ठेवून मी उपकेंद्रात पळाले होते. पण ती शेवटची नव्हती. शेवटची डिसेंबरात, थोरलीच्या गॅदरिंगच्या आठवड्यात घेतली होती, ती डोक्यातून पार गेली होती. माझ्या 'गणपतीत'वरून नऊ महिने धरले गेले, खरे होते सहा. कार्ड बघायला कुणी मागितलं नाही, मीही सांगितलं नाही. अंडं वाढवायच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने बसने बेळगावच्या खेपा, दर खेपेला सोनोग्राफी, दर खेपेला "अजून वाढलं नाही". वाढणार कुठून? खडा विरघळलाच नव्हता.

शेवटी उपकेंद्रातल्या सिस्टरनं जुनं रजिस्टर काढलं. बोट खाली खाली नेत डिसेंबरच्या पानावर थांबलं आणि माझं नाव, नवऱ्याचं नाव, तारीख, सगळं निळ्या शाईत. मी गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या महिन्यात दिवस राहिले, शेवटच्या सुईनंतर अकरा महिन्यांनी. म्हणून सांगते, कार्ड हरवलं असेल तर सुई घेतली त्या उपकेंद्रात जा, नाव रजिस्टरात असतं.

आपल्याकडं आणखी एक भानगड आहे. माहेर चंदगड नाहीतर गडहिंग्लजकडं, सासर बेळगाव-खानापुरात. पहिलं बाळंतपण माहेरी, सुया तिकडं सुरू, पुढच्या इकडं. दोन राज्यांची दोन कार्डं, एकावर मराठी, एकावर कन्नड. निपाणी-अथणीकडच्या बायका तर सुई गावात घेतात आणि डॉक्टर कोल्हापूर-मिरजेचा करतात. दोन्ही कार्डं एकाच पिशवीत ठेवा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी तारखेचे आकडे कुणीही वाचतं.

दुसरं काम: बेरीज

समजा शेवटची सुई १० जानेवारीला घेतली. पुढची १० एप्रिलला होती, ती घेतली नाही. तर १० जानेवारी ते १० एप्रिल हे सुईचे दिवस. प्रयत्नाच्या खात्यात ते धरायचेच नाहीत. तुमचं वर्ष १० एप्रिलला सुरू होतं.

शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने हा दिवस राहायचा सर्वसाधारण काळ, म्हणजे वरच्या उदाहरणात ऑगस्ट ते नोव्हेंबर. औषधाच्या माहितीपत्रकातला हिशोब असा: बाळासाठी सुई सोडून ज्या गरोदर राहिल्या, त्यांच्यातल्या ६८ टक्के शेवटच्या सुईपासून १२ महिन्यांत राहिल्या, ८३ टक्के १५ महिन्यांत आणि ९३ टक्के १८ महिन्यांत. मधला आकडा १० महिने. सगळ्यात लवकर राहिलेली ४ महिन्यांत, सगळ्यात उशिरा राहिलेली ३१ महिन्यांत.

धूळवाफ पेरलेल्या भाताचे दिवस कुणी पेरणीपासून मोजत नाही, पाऊस लागल्यापासून मोजतात. तसंच हे. जुलै महिन्यात "सुई सोडून सहा महिने झाले, माझ्यात काहीतरी खोट आहे" असं म्हणत जी येते, तिचे खरे तीनच महिने झालेले असतात.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. मधला आकडा दहा महिने म्हणून सगळ्यांनाच दहा लागतील असं नाही. काहींना चौथ्या-पाचव्या महिन्यातच दिवस जातात. धाकटं अंगावर पीत असेल आणि आणखी थोडं थांबायचं असेल, तर पुढच्या सुईची तारीख उलटली की निरोध वापरा. दोन बाळंतपणांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा हवी. मागचं बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत पुढचे दिवस राहू नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मागचं सिझर असेल तर हे जास्तच जपायचं.

आणि अजून सुई सोडलीच नसेल तर? पुढच्या वर्षी बाळ हवंय असं आत्ताच वाटत असेल, तर पुढची सुई घेऊ नका आणि तोवर निरोध किंवा तांबी वापरा. तांबी काढली की थांबायला लागत नाही. नवरा फौजेत असलेल्या आमच्याकडच्या पोरींना मी हे मुद्दाम सांगते. घरटी एक माणूस लष्करात अशी गावं इथं आहेत, आणि मोठी सुट्टी वर्षातून एकदाच. तो मे महिन्यात येणार आणि फेब्रुवारीत घेतलेल्या सुईचा असर तेव्हा भरात, असं झालं की सगळी सुट्टी वाया जाते आणि बोल बाईला लागतो. मेची सुट्टी बाळासाठी धरायची असेल तर शेवटची सुई आदल्या जुलै-ऑगस्टच्या पुढं जाऊ नये. गोव्याला कामाला असलेल्यांचंही थोडंफार तसंच, पण ते निदान पंधरा दिवसांनी येतात.

पाळी आली नाही तर

सुई चालू असताना पाळी जाते, किंवा नुसते डाग पडतात. सोडल्यावर ती लगेच वळणावर येईल असं नाही. काही महिने आज आली, परत चाळीस दिवसांनी आली, मध्येच दोन दिवस डाग, असा कारभार चालतो. त्यातलं प्रत्येक रक्त म्हणजे अंडं सुटल्याची खूण नसते. आणि पहिलं अंडं पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळं एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. 'पाळी येऊ दे, मग बघू' म्हणून थांबणाऱ्या बायका हेच विसरतात.

माझ्याकडं सगळ्यात जास्त मागणी पाळी आणायच्या गोळीची. शेजारणीनं नाव सांगितलेलं असतं, चिठ्ठी नसते. मी देत नाही, त्यावरून शिव्याही खाल्ल्यात. त्या गोळीनं अस्तर तयार होऊन चार दिवस रक्त जातं, मनाला बरं वाटतं. पण अंडं सुटायचं काम त्यानं होत नाही. त्यातही ही गोळी सुईच्याच घराण्यातली! आणि आधीच दिवस राहिलेले असले तर? डॉक्टरांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी.

रिकाम्या महिन्यांतली कामं

हे थांबायचे महिने फुकट घालवू नका. सुई सोडली त्याच दिवसापासून फॉलिक ॲसिड सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. पाळी नियमित असलेल्या बाईला तेव्हा नुकतं कळत असतं. तुमची पाळीच आलेली नाही, तुम्हाला कळायला दोन महिनेही जातील. म्हणून 'राहिलं की घेईन' हे इथं चालत नाही.

गोळी घेताना पाकिटावरचा आकडा वाचा. दुकानात सर्रास मिळते ती ५ मिलिग्रॅमची, म्हणजे रोजच्या गरजेच्या बारापट. ती मधुमेह असलेल्या, फिट्सच्या गोळ्या चालू असलेल्या किंवा आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचा दोष असलेल्या बाईला डॉक्टर देतात. बाकीच्यांनी ४०० मायक्रोग्रॅमची मागून घ्यावी. नसेल तर दुकानदाराला मागवायला सांगा, येते. आठवड्यातून एकदा घ्यायची सरकारी लाल गोळी लोहासाठी चांगली, त्यात थोडं फॉलिकही असतं, पण आठवड्याची गोळी रोजच्या गोळीची जागा घेत नाही.

मग रक्त. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, रक्तगट एवढं प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यात बघून घ्या. रक्तदाब मोजून घ्या. मामाच्या घरात दिलेली असाल, किंवा नवरा आतेभाऊ-मामेभाऊ असेल, तर थॅलेसेमियाची (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) एक तपासणी दोघांची मिळून करा. आपल्याकडं अशी लग्नं घरोघरी आहेत, त्यात लाजायचं काही नाही, पण दोघांतही तो दोष लपलेला असला तर आधी कळलेलं बरं. रुबेलाची लस झाली नसेल तर ती याच महिन्यांत घ्या आणि नंतर एक महिना निरोध वापरा. फिट्स, रक्तदाब, मुरमं, संधिवात यांच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात. चालू असतील तर डॉक्टरांना आत्ताच सांगा, स्वतः बंद करू नका.

खाण्याचं मी जास्त सांगत नाही. सुई चालू असताना हाडांतला चुना थोडा कमी होतो आणि सोडल्यावर भरून येतो. नाचणीची भाकरी, दूध-ताक आणि शेवग्याचा पाला त्याला हातभार लावतात. वजन वाढलं असेल तर थोडं उतरवा. उपास मात्र कमी करा, आठवड्यात तीन-तीन वार धरणाऱ्या बायका हिमोग्लोबिन सात घेऊन येतात.

निपाणी भागातल्या बायकांना एक वेगळी सूचना. तंबाखूच्या वखारीत निवडायला-चाळायला जात असाल तर ती धूळ नाकातोंडात आणि हातावाटे अंगात जाते. बाळ हवंय त्या काळात दुसरं काम मिळालं तर घ्या. नाहीच मिळालं तर तोंडाला फडकं बांधा, जेवायच्या आधी हात साबणानं धुवा आणि घरी आल्या आल्या लुगडं बदला. मिश्री लावत असाल तर तीही तंबाखूच आहे, सोडा.

दिवस कसे ओळखायचे

पाळी नियमित असेल तर पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी अंडं सुटतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं, पुरुषबीज मात्र आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून अंडं सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच कामाचा काळ.

पण सुईनंतर पुढची पाळीच कधी ते माहीत नसतं, मग चौदा उलटे मोजणार कुठून? त्यामुळं पहिले काही महिने गणित सोडा आणि दोन-तीन दिवसांआड एकत्र या, बस्स. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात हे सांगणं सोपं आणि करणं अवघड, मला ठाऊक आहे. त्यातल्या त्यात एक खूण बघा: अंगावरून जाणारा स्राव. एरवी तो कमी किंवा दाटसर असतो. अंडं सुटायच्या सुमाराला तो कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा पारदर्शक होतो आणि दोन बोटांत धरून ताणला तर तार येते. सुईनंतर अशी तार पहिल्यांदा दिसली, की खडा विरघळत आला असं समजायला हरकत नाही. खाज येणारं, वास मारणारं, दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं मात्र वेगळं, त्यावर औषध घ्या.

अंडं सुटायची वेळ सांगणाऱ्या महागड्या पट्ट्या मी सुरुवातीला विकतच नाही. पाळीचा पत्ता नसताना रोज एक पट्टी किती दिवस खर्च करणार? दोन-तीन पाळ्या बऱ्यापैकी अंतरानं आल्यावर घ्या.

लघवीची पट्टी

पाळीवरून चुकल्याचं कळत नाही, म्हणून नियम असा: एकत्र आल्याला तीन आठवडे झाले असतील तर पट्टीचं उत्तर खरं धरता येतं. दर चार आठवड्यांनी एकदा बघितलं तरी पुरे. आशाताईंकडं 'निश्चय' नावाची पट्टी फुकट मिळते.

सकाळची पहिली लघवी, स्वच्छ कोरड्या वाटीत. पाकीट आयत्या वेळी फोडा. ड्रॉपरनं दोन-तीन थेंब गोल खळग्यात, पट्टी सपाट जागेवर, आणि घड्याळ लावून पाच मिनिटं. 'सी'पाशी एक रेघ आली तर नाही. 'सी' आणि 'टी' दोन्हींपाशी आली तर आहे, 'टी'ची फिकट असली तरी आहे. 'सी'चीच आली नाही तर पट्टी वाया गेली, दुसरी घ्या. एका वहिनीनं पट्टी खिडकीत ठेवून भाकऱ्या थापल्या, धारा काढल्या आणि तासाभरानं बघितलं तर अंधुक रेघ. घरभर पेढे. ती वाळलेल्या लघवीची रेघ होती. वेळ उलटली की पट्टी वाचायची नाही, फेकून द्यायची.

नाही आलं आणि तरी शंका असेल तर आठवड्यानं परत बघा. तीन दिवसांत तीन पट्ट्या नेणाऱ्या पोरींना मी तिसरी देत नाही.

एक धोक्याची खूण. सुईनंतर डाग पडायची सवय झालेली असते, म्हणून बायका रक्ताकडं दुर्लक्ष करतात. पण डागांबरोबर ओटीपोटात एका बाजूला कळ येत असेल, चक्कर येत असेल, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. तासाला एक पॅड भिजत असेल, तरीही तेच.

नवऱ्याचा भाग

आमच्याकडं नवरा काउंटरपाशी येत नाही, बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो. त्याला आत बोलवा. पुरुषबीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे त्यानं आज गुटखा सोडला तर फरक अडीच-तीन महिन्यांनी. तुमचे थांबायचे महिने त्याच्याही सुधारायचे महिने आहेत.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत भट्टीपाशी काम करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. वृषणं अंगाबाहेर असतात ती थंडाव्यासाठी. त्यांना शरीराहून दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. भट्टीपुढं आठ तास आणि वर घट्ट जीन्स, याचा बीजावर परिणाम होतो. शिफ्ट बदलून मिळत असेल तर मागा, सैल सुती कपडे घाला. आणि तालीम, जिम करणाऱ्यांनो, पिळदार दिसायला जी सुई कुणी गुपचूप देतं, ती टेस्टोस्टेरॉनची असली तर तुमचं बीज बंद पाडते. बायकोची सुई सोडवली आणि स्वतःची चालू, असं एक जोडपं मी डोळ्यांनी पाहिलंय.

वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त आहे, बायकोच्या डझनभर तपासण्यांच्या आधी व्हायला हवी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, घरून नेणार असाल तर तासाच्या आत लॅबमध्ये, खिशात अंगाच्या उबेत. मिलिलिटरला १ कोटी ६० लाख पुरुषबीजं ही आताची खालची मर्यादा मानतात; त्याहून कमी आलं तरी एका तपासणीवर निकाल लावायचा नसतो.

डॉक्टर कधी

पस्तिशीच्या आत असाल तर तुमच्या '१० एप्रिल'पासून एक वर्ष. पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने. नवरा बाहेरगावी असेल तर एकत्र राहिलेलेच महिने मोजा, आणि डॉक्टरांनाही तसंच सांगा.

काहींनी मात्र थांबूच नये: सुईच्या आधीपासून पाळी दोन-दोन महिने यायची नाही, क्षयरोग होऊन गेलाय, पोटाचं किंवा नळ्यांचं ऑपरेशन झालंय, पाळीत अंथरुणाला खिळवणारी कळ असते, नवऱ्याला मोठेपणी गालफुगी होऊन वृषणं सुजली होती. शेवटच्या सुईला वर्ष झालं आणि पाळीचा मागमूस नाही, तरीही दाखवा. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) बघतील.

बेळगावात बहुतेक डॉक्टरांना मराठी येतं. सिव्हिलमध्ये किंवा केंद्रात नवीन सिस्टर विजापूर-बागलकोटकडची असली तर अडतं. दोन वाक्यं पाठ करा: "सूजि बिट्ट ऐद तिंगळ आत्रि", म्हणजे सुई सोडून पाच महिने झाले, आणि "मुट्ट इन्ना बंदिल्रि", पाळी अजून आली नाही. एवढ्यावर समोरची हसते आणि पुढचं निम्मं मराठीत स्वतःच बोलते.

घरचं काय करायचं? सासूबाईंना बेरीज समजावत बसू नका. "डॉक्टरांनी पुढच्या एप्रिलपर्यंत औषध नको म्हणून सांगितलंय," एवढं नवऱ्याच्या तोंडून वदवा, त्याला वजन असतं. सौंदत्तीला यल्लम्माचा नवस बोलायचा असेल तर खुशाल बोला, डोंगर चढून उतरणं तब्येतीला चांगलंच. पण कुणी 'मुलगाच होईल' असली पुडी देत असेल तर ती चुलीत घाला. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, ते गर्भ राहतानाच ठरून गेलेलं असतं, आणि असल्या पुड्यांत काय काय असतं ते गर्भाला बाधू शकतं.

दोन रेघा आल्यावर

सुई शिल्लक असताना दिवस राहिले म्हणून बाळाला काही होईल का, असं जवळजवळ प्रत्येकजण विचारते. त्या औषधानं बाळात व्यंग येतं असं दिसलेलं नाही. फॉलिक तसंच चालू ठेवा आणि त्याच आठवड्यात उपकेंद्रात नाव घाला, 'तायी कार्ड' (गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड) करून घ्या.

तिथं सिस्टर पहिल्यांदा विचारेल, शेवटची पाळी कधी? गप्प राहू नका, आणि माझ्यासारखं अंदाजे 'गणपतीत' असंही सांगू नका. तिथं एकदा चुकीची तारीख पडली की बाळंतपणाची तारीख चुकते, आणि मग नवव्या महिन्यात दिवस भरले की नाहीत यावर दोन डॉक्टरांचे दोन हिशोब निघतात. सरळ सांगा: सुई होती, अमुक तारखेला शेवटची घेतली, त्यानंतर पाळी आलीच नाही, किंवा आली ती अशी वेडीवाकडी. मग तिसरा महिना संपायच्या आत एक सोनोग्राफी होऊ द्या. तेव्हा बाळाच्या लांबीवरून वय चार-पाच दिवसांच्या फरकानं कळतं. ते आलं की कार्डावर सिस्टरकडून पेनानं लिहून घ्या, आणि तिथून पुढचे महिने त्या तारखेनं मोजा.